पाचारणाचे रविवार

शमुवेल वायदंडे तसा सरळ माणूस. खोटं बोलायचं म्हटलं की त्याचे कान लाल व्हायचे. पण त्या वर्षी त्याने एक लबाडी केली, आणि तीही पवित्र शास्त्राला, म्हणजे बायबललाच, हाताशी धरून. चर्चच्या तरुण संघाला शिकवण्यासाठी त्याने सहा आठवड्यांची मालिका आखली होती. ती त्याने अशी काही ताणली, की गणपतीच्या सुमारास सुरू झालेले धडे ऊस तोडणीला आला तरी संपेनात. मिशन कंपाउंडातली माणसं म्हणायची, पोराला शिकवायची हौस केवढी! पोराला हौस वगैरे काही नव्हती. मालिका संपली की आपण संपलो, एवढंच त्याला कळत होतं.

हे कळायला आधी त्याची आई हरणाबाई कळायला हवी. सांगलीच्या मिशन कंपाउंडात मुलींचं वसतिगृह होतं, तिथे ती स्वयंपाक करायची. नवरा अर्जुना कंपाउंडाचा माळी होता, तो शमुवेल शाळेत असतानाच गेला. वसतिगृहामागची एक खोली, दारात बांधलेली शेळी आणि हा एकुलता एक मुलगा, एवढाच तिचा पसारा. शमुवेलच्या आधीची दोन लेकरं हाती लागली नव्हती. तिसऱ्यालाही घटसर्प झाला, तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात ती गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "येवढं जगू दे, तुलाच देऊन टाकते." लेकरू जगलं. शास्त्रातल्या हन्नेनेही असाच मुलगा मागून घेतला होता आणि देवालाच वाहिला होता, असं तिला चर्चच्या त्या वेळच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी सांगितलं. म्हणून त्या मुलाचं जे नाव तेच ह्याचं ठेवलं, आणि हा मोठेपणी पाळक होणार हे ह्याला दात यायच्या आधीच ठरून गेलं.

त्यामुळे शमुवेलचं लहानपण चमत्कारिक गेलं. पोरं चिंचा चोरायला निघाली की ह्याला सोबत नेत नसत. ह्याने मारलेला चेंडू बंगल्याच्या काचेला लागला तर मार दुसऱ्याला बसायचा. झाडावर चढला की खालून कुणीतरी ओरडायचं, "आगं हरणाबाई, तुजा पाळक पडंल!" गोट्या खेळतानाही पोरं त्याला जिंकू द्यायची. देवाच्या वस्तूशी कोण भांडणार? शमुवेलला मात्र कुणीतरी एकदा सणसणीत शिवी द्यावी असं फार वाटायचं.

मॅट्रिक झाल्यावर सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शाळेत, जायला अजून अवकाश होता, म्हणून तो मार्केटमागच्या लालासाहेब मिस्त्रींच्या दुकानात कामाला लागला. विहिरींवरच्या पाण्याच्या मोटारी जळल्या की शेतकरी त्या बैलगाडीत नाहीतर सायकलच्या कॅरियरला बांधून इथे आणायचे, आणि लालासाहेब त्या पुन्हा भरून द्यायचे. मोटार उघडली की जळक्या वार्निशाचा वास नाकात जायचा. करपलेली तार ओढून काढायची, खाचा साफ करायच्या, कागद बसवायचा, नवी तांब्याची तार हाताने भरायची, वार्निश पाजून सुकवायची. मग जोडून बटण दाबलं की मेलेली मोटार गुणगुणायला लागायची. त्या आवाजाने शमुवेलला जे वाटायचं ते चर्चमध्ये गाणी म्हणताना कधी वाटलं नव्हतं. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. स्वतःलाही जपूनच सांगायचा.

पाळकसाहेब म्हणजे रेव्हरंड नाथाजी भोरे. अतिशय मायाळू माणूस. त्यांच्यावर रागावताही यायचं नाही, हाच तर सगळा घोळ होता. त्यांनी एके दिवशी शमुवेलला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "तरुण संघाला एक मालिका शिकव. सहा रविवार, उपासनेनंतर. विषय पाचारण. देव माणसाला नाव घेऊन कसा बोलावतो, ते. तुझ्याइतकं हे दुसऱ्या कुणाला कळणार? मालिका संपली की मंडळीपुढे तुझं नाव जाहीर करू, आणि जूनमध्ये तू सेमिनरीत."

शमुवेलने सगळा धीर गोळा केला. "पाळकसाहेब, मला ते जमंल असं वाटत नाही."

पाळकसाहेब हसले. "मोशेही हेच म्हणाला होता. यिर्मयाही. देव ज्याला बोलावतो तो आधी नाहीच म्हणतो, शमुवेल. हीच तर खूण." आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थनाच सुरू केली. प्रार्थनेत मध्येच बोलायची सोय नसते.

हो म्हटलं तर पाळक, नाही म्हटलं तर दुप्पट पाळक, अशा कोंडीत सापडलेल्या माणसाने करावं काय? शमुवेलने कागद घेतला आणि मालिका आखली. त्यात त्याने मुद्दाम नाही म्हणणारी माणसं निवडली. आपल्याला बोलता येत नाही म्हणणारा मोशे, लोकर ओली करून दाखव म्हणून देवाचीच परीक्षा घेणारा गिदोन, आपण पोर आहोत म्हणणारा यिर्मया, आणि सरळ उलट्या दिशेच्या जहाजात बसणारा योना. मंडळीतल्या एखाद्याला तरी कळेल, की नाही म्हणणं हे माणसाला शोभतं. पण अडचण अशी झाली, की ही सगळी माणसं शेवटी गेलीच. योनाला तर माशाने गिळून परत किनाऱ्याला पोचवलं. नाही म्हणून सुखाने घरी राहिला असा एकही माणूस शमुवेलला शास्त्रात सापडेना. एक श्रीमंत तरुण सापडला, पण तो दुःखी होऊन गेला असं तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं.

मग उरला एकच उपाय. मालिका संपूच द्यायची नाही. एकट्या योनावर त्याने तीन रविवार काढले. एक पळण्यावर, एक माशावर आणि एक उन्हात बसून रुसण्यावर. गिदोनाची लोकर एका आठवड्यात ओली झाली आणि पुढच्या आठवड्यात सुकली. सहाचे आठ झाले, आठाचे दहा, आणि पुढे मोजणं त्याने सोडून दिलं.

ह्यातून घडलं ते भलतंच. देवाने मोशेला पेटत्या झुडपातून हाक मारली होती. त्या धड्याला त्याने चित्रं चिकटवायच्या फ्लॅनेलच्या बोर्डावर कागदी झुडूप लावलं आणि दुकानातला एक लाल बल्ब मागे असा जोडला, की झुडूप पेटलेलं दिसावं पण जळू नये. पोरं आ वासून बघत राहिली. पुढच्या रविवारी मिरजेहून नर्सिंगच्या मुली आल्या. त्यापुढच्या रविवारी रेल्वेच्या क्वार्टरमधली पोरं आली. चर्चमागची खोली पुरेना, तेव्हा सतरंज्या व्हरांड्यात आल्या. मंडळीच्या पंचांपैकी एक, रिटायर हवालदार आप्पासो आवळे, एकदा मागे उभं राहून ऐकून गेले आणि कंपाउंडभर सांगत सुटले, "आसा मास्तर मिलिट्रीतबी बघितला न्हाई. लय पुढं जानार ह्यो पोरगा. बिशप व्हनार, लिहून ठेवा!"

चांगलं शिकवावं तर जास्तच अडकतो, आणि वाईट शिकवावं तर समोर बसलेल्या पोरांचे चेहरे बघून ते होत नाही. शमुवेलला रात्रीची झोप लागेना. आईला सांगावं म्हटलं, तर ती दर रविवारी दारात उभी असायची आणि विचारायची, "किती आल्ती रं पोरं आज?" तो आकडा सांगायचा. ती तो आकडा दिवसभर वसतिगृहातल्या मुलींना वाढता वाढता सांगायची. अशा बाईला काय सांगायचं?

त्यातच लालासाहेब मिस्त्रींनी त्याला बाजूला घेतलं. "गड्या, वडूजकडं लाईट आली. दुष्काळात लोकांनी इहिरी खोल केल्या, आता मोटारी बसाय लागल्यात, आनि जळायबी लागल्यात. तिकडं दुकान टाकतो. तू बसतूस का? निम्मी भागी तुजी. पाडव्याला मुहूर्त करू."

 "सांगतो," एवढंच शमुवेल म्हणाला. त्या दिवशी त्याने भरलेली मोटार उलटी फिरायला लागली.

तरुण संघाची चिटणीस होती मार्था लोंढे. नर्सिंग शिकत होती आणि तिच्या जिभेला धार होती. तिने एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "सर, सगळ्यांस्नी बोलावणं आलं. तुमच्याच नावाचा मानूस तेवढा गाळलाय तुमी. आसं कसं?"

"येणार आहे की. शेवटी येणार आहे," शमुवेल म्हणाला. त्याचे कान लाल झाले.

शेवट पाळकसाहेबांनीच ठरवला. "पुरे आता," ते हसत म्हणाले. "हंगामाच्या सणाला तुझं नाव जाहीर करतो. त्याच्या आधीच्या रविवारी शेवटचा धडा. कोणाचा, ते काही मी विचारत नाही."

हंगामाचा सण म्हणजे कंपाउंडातली सगळ्यांत मजेची उपासना. शेतात, परसात जे पहिलं आलं ते देवापुढे आणायचं. ऊस, शाळूची कणसं, ओली हळद, भोपळे, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, सगळं चर्चमधल्या मेजापुढे मांडायचं, आणि उपासना संपली की बाहेर चिंचेखाली त्याचा लिलाव करायचा. पुकारायला आप्पासोंचा आवाज. ज्याने दिलं त्यानेच परत घेतलं तरी चालायचं. शमुवेल लहान असताना हरणाबाईने त्याची लाडकी तांबडी कोंबडी दिली होती. त्याने रडून आकांत केला, तेव्हा अर्जुनाने अर्ध्या मंडळीशी चढाओढ करून ती परत आणली. तरी पोराला भीती, की देव येऊन कोंबडी मागेल. तेव्हा नाथाजी पाळकांनीच त्याला मांडीवर घेऊन सांगितलं होतं, "लेकरा, देवाचं देवाला पोचलं. लिलावात घेतलेलं ते घेणाऱ्याचं. आता तिच्यावर कुणाचा हक्क नाही." ती कोंबडी पुढे म्हातारी होऊन मेली.

इकडे हरणाबाईने पांढरं पॉपलीन आणून पाळकाचा झगा शिवायला टाकला. नाव जाहीर झालं की पोराच्या अंगावर तो घालायचा, असा तिचा बेत होता.

शेवटच्या धड्यासाठी शमुवेल हन्नेची गोष्ट उघडून बसला, आणि त्याला भलताच माणूस आठवला. त्याचा गुंडामामा. हरणाबाईचं माहेर वडूजकडचं. तिचा थोरला भाऊ लहानपणी आजारी पडला, तेव्हा तिच्या आईने त्याला मरीआईला वाहिलं. तो पोतराज झाला. केस वाढवायचे, कमरेला चिंध्या गुंडाळायच्या आणि दारोदार जाऊन स्वतःच्याच अंगावर आसूड ओढायचा. तो आवाज आला की लहानगी हरणा कानांत बोटं घालून कणगीमागे लपायची. पुढे ती लग्न होऊन ख्रिस्ती घरात आली, तिने बाप्तिस्मा घेतला, त्यामागे हा आवाजही होताच. शमुवेल सात-आठ वर्षांचा असताना मामा एकदा कंपाउंडाच्या फाटकाशी आला होता. दंड सोललेले होते. हरणाबाईने त्याच्या हातावर भाकरी ठेवली आणि रडत म्हणाली, "दादा, टाक की त्यो आसूड. हितंच ऱ्हा. आमचा देव आसलं मागत न्हाई." मामाने आपल्या दंडाकडे बघितलं. "आईनं देऊन टाकलंय मला," तो म्हणाला. "आता मी माजा हाय व्हय?" भाकरी घेऊन तो गेला. नंतर कुठल्याशा जत्रेत तो मेल्याचं कळलं.

शमुवेलचं बोट ओळीवरच थांबलं. आमचा देव असलं मागत नाही म्हणून रडणाऱ्या ह्याच बाईने दवाखान्याच्या व्हरांड्यात स्वतः तेच केलं होतं. देव बदलला होता, आसूड नव्हता, देऊन टाकणं मात्र तेच होतं. आणि तिला ते आजवर दिसलंच नव्हतं. त्याला आधी संताप आला. मग तिची इतकी दया आली, की संतापाला बसायला जागा उरली नाही. ह्या बाईला हे सांगणं म्हणजे तिच्या हातून तिचा देवच काढून घेणं होतं. त्याने शास्त्र मिटलं आणि ठरवलं, गपगुमान धडा घ्यायचा आणि जूनमध्ये जायचं.

त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. हरणाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बायकांमध्ये मागे बसली होती. पाळकसाहेब पुढे खुर्चीवर. शमुवेलने बोर्डावर देवळाचा म्हातारा याजक एली लावला, हन्ना लावली आणि दोघांच्या मध्ये छोटा पोरगा लावला. आई त्याला देवळात सोडून घरी परत गेली, असं तो सांगत गेला. दरवर्षी ती त्याच्यासाठी एक लहान झगा शिवून न्यायची. "अंदाजानेच शिवत असणार," तो म्हणाला. "वर्षभरात पोर किती वाढलं असेल, ते घरी बसून तिला कसं कळणार?" 

मार्थाने हात वर केला. "सर, त्या पोराला कुणी इचारलं व्हतं का, तुला हितं ऱ्हायचंय का म्हणून?"

ह्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याजवळ तयार होतं. पुढे देवानेच त्याला हाक मारली, असं म्हणायचं आणि हाकेकडे वळायचं. त्याने तोंड उघडलं, आणि भलतंच बाहेर पडलं. "न्हाई," तो म्हणाला. "कुणी इचारलं न्हाई. आईनं देऊन टाकलं व्हतं त्याला. देऊन टाकलेलं पोर मग सवताचं ऱ्हात न्हाई."

धडे घेताना तो एरवी असं बोलत नसे. हे बोलणं कुणाचं, ते त्याला मागच्या रांगेकडे नजर गेल्यावर कळलं. हरणाबाईची दोन्ही बोटं कानांत होती.

पाळकसाहेबांनी खाकरून शेवटची प्रार्थना केली. हाकेचा भाग राहूनच गेला.

त्यानंतरचा आठवडा शमुवेलला वर्षासारखा गेला. हरणाबाई बोलेना. भाकरी थापायची, ताट सरकवायची आणि चुलीकडे बघत बसायची. तिने काही विचारलं असतं तर त्याने सगळं सांगून टाकलं असतं. तिने विचारलं नाही आणि त्याला आपणहून तोंड उघडायचा धीर झाला नाही. आपण आपल्या आईला चारचौघांत मारलं, असं त्याला वाटत होतं, आणि आता तिची भरपाई करायची तर जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. शिंप्याकडून झगा आणायलाही तोच गेला. घालून बघितला तर माप तंतोतंत. कुठेतरी आखूड निघाला असता तर जरा बरं वाटलं असतं. लालासाहेबांना त्याने सांगितलं, "सोमवारी नक्की सांगतो." काय सांगायचं ते ठरलेलंच होतं.

सणाच्या दिवशी मेजापुढे पाय ठेवायला वाट नव्हती. उसाच्या मोळ्या, भोपळे, मध्येच फडफडणाऱ्या कोंबड्या. उपदेश संपला आणि पाळकसाहेब म्हणाले, "यंदा सगळ्यांत मोठं अर्पण आपल्या हरणाबाईंचं आहे. हरणाबाई, पुढे या. शमुवेल, तूही ये."

शमुवेल उठला. हरणाबाई टोपलीत झगा घेऊन पुढे आली. पाळकसाहेबांनी तो घ्यायला हात पुढे केले, पण तिने तो सोडला नाही.

"न्हाई, पाळकसाहेब," ती म्हणाली. तिच्या तोंडून हा शब्द मंडळीने कधी ऐकला नव्हता. "त्याच्या अंगावर घालू नगा. ह्यो माज्या पोराच्या मापाचा हाय, पोराच्या जागीच समजा. मी जे दिलं व्हतं ते आज हितं आनून पोचतं केलं. आता ह्ये त्या भोपळ्याशेजारी ठेवा. बाकीच्यासंगं ह्येचाबी लिलाव हू द्या."

कुजबुज सुरू झाली.  पाळकसाहेबांनी झगा घेतला आणि खरोखरच भोपळ्याशेजारी ठेवला. नाव जाहीर झालं नाही. पेटीवाल्याने पुढचं गाणं धरलं.

चिंचेखाली लिलाव लागला. कोंबड्या गेल्या, ऊस गेला, आणि झगा आप्पासोंच्या हातात आला.  त्यांनी पाळकसाहेबांकडे बघितलं. पाळकसाहेबांनी मान हलवली.

"मीच पैली बोली लावतो," आप्पासो म्हणाले. मनाचा चांगला माणूस. "धा रुपये! आनि घेऊन शमुवेललाच देतो. शोभंल त्यालाच."

शमुवेलने डोळे मिटून घेतले.

"माजी शेळी," हरणाबाई म्हणाली.

कुणीतरी हसलं. "आवं हरणाबाई, शेळी कवा आसती व्हय बोलीत?"

"गाभण हाय," ती म्हणाली.

मग कुणी हसलं नाही. त्या शेळीच्या दुधाचा चहा आप्पासोंनी कित्येक वर्षं घेतला होता. ते एकदा त्या बाईकडे बघत, एकदा झग्याकडे. "येक वार," ते म्हणाले. "दोन वार." एवढा वेळ त्यांनी कुठल्या भोपळ्यावर लावला नव्हता.  "तीन वार. हरणाबाईचा झाला."

पाळकसाहेब पुढे आले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, पण शब्द एकही त्यांनी गाळला नाही. "देवाचं देवाला पोचलं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "लिलावात घेतलेलं ते घेणाऱ्याचं. आता त्याच्यावर कुणाचा हक्क नाही."

शेळी सोडून चिंचेखाली आणून बांधायचं काम शमुवेलनेच केलं. परत आला तेव्हा हरणाबाई खोलीच्या उंबऱ्यावर बसली होती. मोकळा खुंटा शेजारी, झगा मांडीवर. तो तिच्याजवळ टेकला.

"तुला काय करायचंय रं?" तिने विचारलं. एवढ्या वर्षांत हे तिने पहिल्यांदाच विचारलं होतं.

"मोटारी भरायच्यात, आई. वडूजला."

"बरं," ती म्हणाली. बराच वेळ ती झग्याची घडी नीट करत राहिली. बाहेर आप्पासो उरलेली अंडी पुकारत होते, त्यांचा आवाज इथवर येत होता.

"आमच्या गुंडादादावर कुणी बोलीच लावली न्हाई रं," ती म्हणाली.